तुमच्या गोव्यात काय करतात?

गेल्या डिसेंबरात इंदूरला जाऊन आलो. तिथे स्नेहलतागंजात माझी मावशी राहते. लग्न होऊन ती फोंड्याहून तिकडे गेली त्याला आता पंचावन्न वर्षे झाली. तिच्या बोलण्यात निम्मी हिंदी आली आहे, पण रागावली की अजून फोंड्याचाच हेल निघतो. तिच्या नातीचे लग्न होते. लग्न झाले, पाहुणे पांगले, पण माझी रजा शिल्लक होती म्हणून मी आठवडाभर मागे राहिलो. सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी तळलेला गराडू आणि मधल्या वेळात मावशीच्या गप्पा, असा कार्यक्रम चालला होता.

मावशीच्या घरासमोर एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहते. मूळचे नगरकडचे. आजोबा कधी काळी मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून इंदूरला आले आणि इथेच राहिले. इंदूरला ख्रिस्ती माणूस म्हणजे काही नवलाची गोष्ट नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनची माणसे माळव्यात आली १८७७ मध्ये. त्यांनी काढलेले इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ चे, किशोरकुमार तिथे शिकले हे इंदूरची माणसे अजून अभिमानाने सांगतात. तर या कुटुंबातल्या काकू आता सत्तरीच्या आहेत. मावशीची आणि त्यांची मैत्री चाळीस वर्षांची. दिवाळीचा फराळ इकडून तिकडे जातो आणि नाताळचा केक तिकडून इकडे येतो.

एका रात्री नऊच्या सुमारास गल्लीत नाताळची गाणी म्हणणारी मंडळी आली. हातात मेणबत्त्या, एक गिटार, एक ढोलक, पुढे लहान मुले. काकूंच्या दारात उभे राहून त्यांनी दोन गाणी म्हटली. काकूंनी मुलांना केक वाटला, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि मंडळी पुढे गेली. मी मावशीच्या गच्चीवरून पाहत होतो. समोरच्या माडीवर दिवा न लावता कोणी तरी खिडकीशी उभे होते. मावशी म्हणाली, "त्यांचा मुलगा आहे. ती गाणी यानेच बसवलेली. पंधरा वर्षे हाच पेटी वाजवायचा त्यांच्या चर्चात."

मग बाकीचे कळले. मुलगा आता चाळिशीला आला आहे. लग्न केले नाही. घरचे विचारून विचारून थकले तेव्हा त्याने एक दिवस सांगून टाकले की आपले मन बाईमाणसाकडे जात नाही, आणि खोटे लग्न करून एका मुलीचे वाटोळे करणार नाही. घरात सांगितले ते बाहेर गेले. चर्चमधून त्याला कोणी काढले नाही, कोणी अपशब्दही बोलले नाही. एवढेच झाले की पुढच्या महिन्यात गायनमंडळाची नवी यादी लागली आणि तिच्यात त्याचे नाव नव्हते. पेटीवर दुसरा मुलगा बसला. हे चर्च कुठल्या पंथाचे ते मी मुद्दामच लिहीत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही पंथात घडू शकते.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. मी गोव्याचा हे त्यांना माहीत होते. इंदूरच्या माणसाला गोवा म्हणजे समुद्र आणि चर्च. गोव्यात आज ख्रिस्ती माणसे साधारण चौथा हिस्सा आहेत, हे सांगून त्यांना पटले नसते. चहा घेता घेता त्यांनी विचारले, "भाऊ, तुमच्या गोव्यात तर पाचशे वर्षांपासून ख्रिस्ती लोक आहेत. तिथे अशा मुलांचं काय करतात?"

मला उत्तर देता आले नाही. मी काही तरी गुळमुळीत बोललो, की आमच्याकडेही सारखेच, माणसे तीच. त्या उठताना म्हणाल्या, "तुमच्या घरची पत्रिका मिळाली होती हं. वाचली मी नीट." आणि गेल्या. त्या वाक्याचा अर्थ पुढे सांगतो. आधी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी ख्रिस्ती नाही, धर्मपंडितही नाही. सरकारी कचेरीतला एक कारकून आहे, बी.ए. मराठी. पण आयुष्य ख्रिस्ती शेजाऱ्यांत आणि सहकाऱ्यांत गेले, तेव्हा इतके बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

काकू, आमच्या गोव्यात काय करतात त्याचे पहिले उदाहरण कोलवाळचे. बार्देशातले हे गाव वेन्डेल रॉड्रिक्सचे. कपड्यांच्या दुनियेत जगभर नाव कमावलेला हा माणूस, आमची कुणबी साडी त्याने पुन्हा चालीत आणली, गोव्याच्या पेहरावाचा इतिहास लिहिला, २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण कोण आहोत हे त्याने कधी लपवले नाही. जेरोम मारेल या आपल्या जोडीदाराबरोबर त्याने २००२ साली फ्रेंच कायद्याप्रमाणे सहजीवनाचा करार केला. तेव्हा आपल्या देशात ३७७ कलम जिवंत होते. १२ फेब्रुवारी २०२० रोजी तो वारला आणि दुसऱ्या दिवशी कोलवाळच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या इगर्जीत त्याचे अंत्यविधी झाले. सारा गाव आणि गावाबाहेरचे कितीतरी लोक आले. इगर्जीने दार बंद केले नाही.

हे ऐकून तुम्हाला बरे वाटेल. पण मी लगेच दुसरी बाजू सांगतो. वेन्डेल मोठा माणूस होता. मोठ्या माणसाला गाव पुष्कळ गोष्टी माफ करतो. त्याच बार्देशात एखाद्या रेंदेराच्या किंवा पोदेराच्या मुलाने हेच सांगितले असते तर फेस्ताच्या वर्गणीच्या यादीत त्याचे नाव राहिले असते आणि फेस्ताच्या कामातून मात्र गेले असते, असे मला वाटते. पैसे सर्वांचे चालतात.

दुसरे उदाहरण माझ्या कचेरीतले. काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलासमोर एक ख्रिस्ती बाई आली. नाव बदलायचे होते. आमच्याकडे १९९० चा नाव-आडनाव बदलण्याचा कायदा आहे, त्याखाली असे अर्ज येत असतात. कागद पाहिले तेव्हा लक्षात आले की जन्मदाखल्यावर मुलाचे नाव आहे. मी वर पाहिले, ती खाली पाहू लागली. कागद बरोबर होते, कोणते प्रतिज्ञापत्र लागेल ते मी सांगितले. जाताना ती दबकत म्हणाली, "बाब, इगर्जेच्या वहींतलें नांव बदलतात काय?"

मी म्हटले, "ती वही आमची नव्हे. पाद्रीबाबना विचार." तिने विचारले की नाही, पाद्रीने काय सांगितले, मला माहीत नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. सरकारी कागदावरचे नाव बदलण्याची वाट कायद्याने २०१४ नंतर हळूहळू मोकळी झाली. त्या वर्षी १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी माणसांना आपली ओळख आपण सांगण्याचा हक्क दिला. २०१९ मध्ये कायदा झाला. तरीही तिला चिंता होती ती सरकारी वहीची नाही, बाप्तिस्म्याच्या वहीची. सरकार ओळख देते, पण आपण कोणाचे ते माणूस आपल्या देवळाला नाही तर इगर्जीलाच विचारतो.

आता चर्चची शिकवण काय, ते जितके मला कळले तितके सांगतो. कारण या बाबतीत आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो चर्च यांना नरकात पाठवते. दुसरा म्हणतो पोपने आता सगळे मान्य केले. दोन्ही खरी नाहीत.

कॅथलिक चर्चचा १९९२ सालचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ दोन गोष्टी एकाच ठिकाणी सांगतो. समलिंगी संबंध चर्चला मान्य नाहीत, ते सृष्टीच्या व्यवस्थेला धरून नाहीत, ही पहिली गोष्ट. आणि अशा माणसांना आदराने, कणवेने, नाजूकपणे वागवावे, त्यांच्याशी अन्यायाचा भेदभाव करू नये, ही दुसरी. पोप फ्रान्सिस २०१३ च्या जुलैत ब्राझीलहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलले, तेव्हा न्याय करणारा मी कोण, अशा अर्थाचे बोलले आणि जगभर गाजले. पण त्यांनी शिकवण बदलली नाही. २०२३ च्या शेवटी व्हॅटिकनने सांगितले की तृतीयपंथी माणसाला बाप्तिस्मा घेता येईल आणि काही अटींवर बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणूनही उभे राहता येईल. त्याच वर्षी १८ डिसेंबरला आणखी एक पत्रक निघाले. लग्नाचा आभास होणार नाही अशा रीतीने, उपासनेबाहेर, पाद्रीने अशा जोडप्यालाही आशीर्वाद द्यायला हरकत नाही, असे त्यात होते. आफ्रिकेतल्या बिशपांनी महिन्याभरात कळवले की आमच्याकडे हे होणार नाही. आणि २०२४ च्या एप्रिलात पुन्हा एक दस्तऐवज आला, त्यात शस्त्रक्रियेने लिंग बदलण्याला आणि त्यामागच्या विचाराला विरोध केला होता. म्हणजे एक पाऊल पुढे, अर्धे मागे. २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस वारले, पोप लिओ आले, आणि वाद अजून चालूच आहे.

प्रॉटेस्टंटांतही एकमत नाही. अँग्लिकन लोकांत अमेरिकेत २००३ मध्ये एक उघडपणे समलिंगी बिशप झाले आणि तेव्हापासून जगातले अँग्लिकन चर्च या प्रश्नावर फाटत चालले आहे. अमेरिकेतल्या युनायटेड मेथॉडिस्टांनी २०२४ मध्ये आपल्या नियमावलीतली जुनी बंदी काढून टाकली, पण त्याआधी हजारो मंडळ्या फुटून गेल्या होत्या. आपल्या उत्तर भारतातल्या प्रॉटेस्टंटांचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपूरला स्थापन झाले. सहा पंथ शतकाचे वाद मिटवून एकत्र आले. प्रभुभोजन कोणी वाढायचे, बाप्तिस्मा तान्ह्याला द्यायचा की मोठ्याला, असल्या प्रश्नांवर ज्यांनी तोड काढली, त्यांना माणसांच्या या प्रश्नावरही एकत्र बसता येईल अशी आशा करायला हरकत नाही.

आपल्या देशातही चर्च एका सुरात बोलले नाही. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जे गेले त्यांत ज्योतिषी होते, मुसलमान संघटना होत्या आणि अपॉस्टोलिक चर्चेस अलायन्स व उत्कल ख्रिश्चन कौन्सिल या ख्रिस्ती संघटनाही होत्या. ११ डिसेंबर २०१३ ला ते जिंकले. आणि त्याच डिसेंबरात मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी सांगितले की समलिंगी विवाह चर्चला मान्य नाही, पण अशा माणसांना चर्चने कधी गुन्हेगार मानले नाही. एकच धर्म, एकच महिना. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेच आपला निकाल फिरवला. आता तर भारतीय दंडविधानच गेले. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या न्यायसंहितेत ते कलम नाही. ते इंग्रजांचे कलम आम्हा गोवेकरांकडे तर मुक्तीनंतरच आले होते. २०२३ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तो प्रश्न तिथे थांबला आहे.

हे सगळे सांगितले ते एवढ्यासाठी की काकूंच्या मुलाला पेटीवरून उठवताना कोणी म्हणाले असेल, शास्त्र असे सांगते, तर ते पुरते खरे नाही. शास्त्रात पुष्कळ काही आहे. लेवीयाच्या पुस्तकातली आणि रोमकरांना लिहिलेल्या पत्रातली कडक वचने आहेत, ती नाहीत असे म्हणून चालणार नाही. पण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एक गोष्ट आहे ती मला फार आवडते. इथिओपियाच्या राणीच्या खजिन्यावरचा एक अधिकारी, ज्याला मराठीत षंढ म्हणतात असा, रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत चालला आहे. जुन्या नियमाप्रमाणे अशा माणसाला देवाच्या मंडळीत जागा नव्हती. फिलिप त्याच्या रथात चढतो, त्याला समजावून सांगतो. वाटेत पाणी दिसते. तो माणूस विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला अडचण काय? तो अधिकारी रथ थांबवायला सांगतो आणि फिलिप त्याच्याबरोबर पाण्यात उतरतो. त्याने आधी यरुशलेमला पत्र पाठवून विचारले, असे त्यात नाही. आणि तो अधिकारी जे पुस्तक वाचत होता त्याच यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात अशा माणसांना देवाने आपल्या घरात मुलगे-मुलींहून चांगले नाव देण्याचे वचन दिले आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, तुम्ही हिंदू, तुम्हाला आमच्या शास्त्रात बोट घालायचे काय कारण? प्रश्न रास्त आहे. म्हणून मी चर्चने आपली शिकवण बदलावी असे म्हणत नाही. ते त्यांनी ठरवायचे. लग्न म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष असे मनापासून मानणारा पाळक माझ्या लेखी दुष्ट नाही. मी असे कितीतरी पाद्री पाहिले आहेत की ज्यांनी रात्री-अपरात्री परक्याच्या पोराला आपल्या गाडीतून बांबोळीला नेले. मला म्हणायचे आहे ते शिकवणीच्या आतले आहे. पेटी वाजवणे हा काही संस्कार नव्हे. मुलांना गाणी शिकवणे हा संस्कार नव्हे. फेस्ताला मंडप घालणे, मयताला खांदा देणे, लदीनीला घरोघर जाणे, आजाऱ्याकडे जाऊन बसणे, यातले काहीही करायला कुठल्या पोपची परवानगी लागत नाही. आणि या गोष्टी काढून घेतल्या की माणसाच्या हाती काय उरते? चर्च म्हणजे त्याला तरी हेच होते.

दुसरा एक आक्षेप येतो, आणि तो जास्त वजनाचा आहे. पुढे बसणारा माणूस सर्वांसमोर साक्ष असतो, त्याचे जगणे शिकवणीशी जुळले पाहिजे. ठीक आहे. मग हा नियम सर्वांना लावा. हुंडा घेणारा, भावाची जमीन खाणारा, दारू पिऊन बायकोला मारणारा, यांची नावे यादीतून किती वेळा गेली? काकूंच्या मुलाने तर कोणाचे काही घेतले नव्हते. त्याने फक्त खोटे लग्न करायला नकार दिला होता. ते लग्न त्याने केले असते तर तो आजही पेटीवर असता आणि एक परकी मुलगी जन्मभर रडत राहिली असती. खरे बोलल्याची शिक्षा देणारी यादी कोणत्याच धर्माला शोभत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. इंदूरच्या काकूंनी माझ्याशी बोलताना एकदाही त्या गोष्टीचे नाव घेतले नाही. "अशी मुलं" एवढेच म्हणाल्या. त्यांच्याकडे शब्दच नव्हता. वर्तमानपत्रातला शब्द आईच्या तोंडी बसत नाही आणि गल्लीतला शब्द शिवी आहे. आमच्या गोव्यात फादर स्टीफन्स इंग्लंडहून आले, मराठी शिकले आणि १६१६ मध्ये राशोलला त्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. दहा हजारांवर ओव्या. येशूची सारी कथा त्यांनी इथल्या माणसाला कळेल, गाता येईल अशा बोलीत आणली. स्वर्ग, पाप, मुक्ती, सगळ्याला शब्द शोधले. ज्या चर्चने चारशे वर्षांपूर्वी एवढे केले, त्याला आज एका आईला आपल्या मुलाबद्दल न लाजता बोलता यावे असे चार शब्द शोधता येऊ नयेत? कुमसाराच्या जाळीमागे बसलेल्या पाद्रीलाही ते लागतील. रोमची पत्रके इंग्रजीत येतात आणि इंग्रजीतच राहतात. त्यातला आदर आणि कणव आमच्या कोंकणी-मराठीत उतरेपर्यंत नुसता नकारच उरतो.

आता पत्रिकेची गोष्ट. ही लिहायचे टाळत होतो, पण ती टाळून वरचे सगळे लिहिणे लबाडी ठरेल.

मावशीला दोन मुलगे. थोरल्याच्या मुलीचे लग्न होते. धाकटा बारा वर्षांपासून पुण्याला असतो, एका मित्राबरोबर. त्या दोघांचे घर आहे, कर्ज आहे, एक मांजर आहे. तो इंदूरला येत नाही, म्हणजे त्याला कोणी बोलावत नाही. घरात भांडण कधी झाले नाही. आमच्या घरात भांडणे होतच नाहीत, माणसे फक्त कमी होतात. लग्नपत्रिकेचा मजकूर माझ्याकडे आला, कारण घरात मराठी घेऊन पदवीधर झालेला मी एकटा. निमंत्रकांच्या यादीत काकाचे नाव यायला हवे होते. थोरल्याचा फोन आला, "धाकट्याचं नाव घालू नकोस. उगाच चौकश्या होतात." मी "बरं" म्हटले. तेवढेच. एक शब्द.

काकूंनी ती पत्रिका नीट वाचली होती. धाकट्याला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेले. त्यांच्या मुलाचे नाव गायनमंडळाच्या यादीतून गेले आणि आमच्या मुलाचे पत्रिकेतून. समोरासमोरच्या दोन घरांतल्या दोन आया चाळीस वर्षे फराळ आणि केक देत-घेत आल्या आहेत, पण या एका गोष्टीबद्दल एकमेकींशी बोललेल्या नाहीत.

म्हणून माझ्या हिंदू वाचकांना एक सांगायचे आहे. चर्चच्या कडकपणाबद्दल वाचून मनातल्या मनात खूष होऊ नका. आपला धर्म किती उदार, आपल्याकडे शिखंडी आहे, बृहन्नडा आहे, अर्धनारीश्वर आहे, असे आपण भाषणात सांगतो. मीही सांगत असे. पण अर्धनारीश्वराला नमस्कार करून आलेला माणूसच पत्रिकेतले नाव गाळतो. ख्रिस्ती माणसाजवळ निदान एक छापील शिकवण आहे, तिच्याशी वाद घालता येतो, तिच्यातली आदराची ओळ पाळकाला दाखवता येते. आमच्याकडे छापील काहीच नाही. फोनवरचे एक वाक्य आहे आणि माझे "बरं" आहे. त्याच्याविरुद्ध धाकट्याने दाद कुठे मागायची?

मी कारकून माणूस, जन्म नोंदवह्यांत गेला. वहीचा एक नियम आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मूळ नोंद खोडायची नाही. काही बदलले तर समासात शेरा लिहायचा, तारीख टाकायची, सही करायची. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतही हाच रिवाज आहे. पुढे त्या माणसाचे लग्न झाले, दीक्षा झाली, तर त्याच नोंदीजवळ टिपून ठेवतात. माणसाचे आयुष्य मूळ ओळीत मावत नाही हे चर्चला माझ्या कचेरीच्या आधीपासून ठाऊक आहे. समासात जागा ठेवलेली असते ती त्यासाठीच. कोणाला समासात काय लिहावे यावर वाद असेल तर तो चालू द्या, शंभर वर्षे चालू द्या. पण तोवर मूळ ओळीतले नाव खोडू नका. बाप्तिस्मा दिला तेव्हा ते नाव देवासमोर उच्चारले होते, बारशाला पाळण्यात कानात सांगितले होते.

गोव्याला परत आल्यावर मी काकूंना पत्र लिहिले. फोनवर बोलायचा धीर झाला नाही. वर लिहिले त्यातले बरेचसे त्यात होते, कोलवाळचे होते, त्या फिलिपच्या रथाचेही होते, म्हणजे ते त्यांना माझ्याहून चांगले माहीत असणारच. शेवटी लिहिले की पत्रिकेचा मजकूर मी लिहिला होता. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

पुढच्या वर्षी मावशीचे सहस्रचंद्रदर्शन आहे. थोरल्याने पत्रिकेचा मजकूर पुन्हा मलाच करायला सांगितला आहे. परवा रात्री कच्चा मसुदा केला. धाकट्याचे नाव त्याच्या जागी, थोरल्याच्या खाली, लिहिले आहे. अजून पाठवलेला नाही. थोरल्याचा फोन येईल, आणि या वेळी "बरं" म्हणायचे नाही एवढे मी ठरवले आहे.